खडकवाडीवरची फेरी

शालूबाईंच्या माळात आजवर कधी काही पिकलं नव्हतं. रहिमतपूर सोडून पुढे निघालं की दोन्ही अंगांना ऊस लागतो आणि खडकवाडीपाशी तो एकदम थांबतो. तिथून जमीन चढायला लागते आणि हातभर मातीखाली काळा खडक लागतो. त्या चढावर कुसळी गवत, मधेच एखादी बोराटी आणि दिवसभर वारा. विहीर नाही, विजेचा खांब नाही, तारेचं कुंपणही नाही, कारण राखण करावी असं तिथे काही नव्हतंच.

प्रियंका बनसोडेला नेमकं असंच काही नसलेलं ठिकाण हवं होतं.

ती पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत वैज्ञानिक होती. मूळची सांगलीजवळच्या माधवनगरची. तिचे वडील आकाराम तिथल्या कापड गिरणीत सूतकताईच्या खात्यात होते, आणि गिरणी बंद पडल्यावर कुपवाडच्या एका कारखान्यात रोज सायकलने जाऊन त्यांनी दोन मुलींना शिकवलं. प्रियंका थोरली. दिवाळी झाल्यापासून ती एक मोजणी यंत्र गाडीत टाकून वाईपासून कराडपर्यंत हिंडत होती. जिथे जावं तिथे लोखंड. कुठे बोअरचा पाइप, कुठे कोंबड्यांच्या शेडचा पत्रा, कुठे डोक्यावरून गेलेल्या उच्च दाबाच्या विजेच्या तारा. शालूबाईंच्या माळावर तिने यंत्र लावलं तेव्हा पडद्यावरची रेघ सरळ आली, इतकी सरळ की तिला आधी यंत्र बिघडलं असं वाटलं.

शालूबाईंकडे परवानगी मागायला ती गेली, तेव्हा त्या अंगणात मका सोलत बसल्या होत्या. साठी उलटलेली बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुली सासरी. जमिनीचं सगळं त्यांचे धाकटे दीर हिंदुराव बघत. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आणि गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. पण माळ शालूबाईंच्या नावावर होता आणि त्याचा निर्णय त्यांनी स्वतःच घेतला. यंत्र ठेव म्हणाल्या, पण गवत मी कापायला येणार, ते सोडणार नाही.

खोपटं उभं राहिलं ते सगळ्या वाडीला नवल वाटावं असं. सागाच्या फळ्या, बांबू, पितळेचे स्क्रू, वर उसाच्या पाचटाचं छप्पर; एक खिळा नाही की बिजागरी नाही. आत खडकात खड्डा घेऊन त्यात चुंबकत्वाचा मापक ठेवला, आणि तिथून एक लांब केबल दूरच्या तंबूत नेली. तंबूत लॅपटॉप असे आणि त्यावर ती रेघ दिवसरात्र पुढे सरकत राही.

पहिल्याच आठवड्यात प्रियंकाला त्या रेघेत एक उंचवटा दिसू लागला. रोज साधारण सकाळची न्याहरी होते त्या सुमाराला रेघ थोडी वर चढायची, थरथरायची आणि पुन्हा खाली यायची. दोन दिवस ती केबल तपासत बसली. तिसऱ्या दिवशी तिने तंबूतून मान बाहेर काढली तर शालूबाई खोपटाला लागून गवत कापत होत्या. हातात विळा, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा.

तिने त्यांना तंबूत बोलावून रेघ दाखवली. हा उंचवटा म्हणजे तुम्ही, असं सांगितलं. शालूबाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग विळा आणि किल्ल्या तंबूत ठेवून त्या रिकाम्या हातांनी खोपटापर्यंत गेल्या आणि तिथूनच वळून बघितलं. प्रियंकाने मान हलवली. रेघ जागची हलली नव्हती. त्या परत आल्या, विळा घेतला, पुन्हा गेल्या. रेघ चढली.

“म्हंजी मी दिसत न्हाई,” त्या म्हणाल्या. “माझं लोखंड दिसतंय.”

त्या दिवसापासून त्या खोपटाच्या आसपासचं गवत हाताने उपटू लागल्या, आणि दुपारचं काम उरकलं की तंबूत येऊन बसू लागल्या. कधी भाकरी-पिठलं घेऊन येत. प्रियंकाला त्या ‘बाय’ म्हणत आणि ती त्यांना मावशी. हे सगळं कशासाठी चाललंय, ते त्यांनी हळूहळू काढून घेतलं.

चाललं होतं ते असं. कित्येक वर्षांपूर्वी काही देशांनी मिळून एक यान पाठवलं होतं. एका ध्रुवावरून दुसऱ्या ध्रुवावर असं ते पृथ्वीभोवती फिरत होतं आणि फिरता फिरता तिचं चुंबकत्व मोजत होतं. आता त्याचं इंधन संपत आलं होतं. उरलेल्या इंधनात दोन गोष्टींपैकी एक करता आली असती. आहे त्या उंचीवर रेंगाळत राहायचं, किंवा कक्षा बदलून खाली उतरायचं. खाली उतरलं की हवेचा विरळ थर लागतो, यान मंदावत जातं आणि शेवटी जळून जातं. नियंत्रण केंद्राने खाली उतरायचं ठरवलं. थोड्या थोड्या दिवसांनी यानाचं इंजिन उलट्या दिशेला पेटवायचं, वेग जरासा तोडायचा आणि यान आणखी खालच्या कक्षेत आणायचं, असं सध्या सुरू होतं.

“जाणूनबुजून मराया खाली आणत्यात?” शालूबाईंनी विचारलं.

प्रियंकाने त्यांना अजिंक्यताऱ्याचं उदाहरण दिलं. किल्ल्यावर उभं राहून साताऱ्याच्या बाजाराकडे कान लावला तर नुसता कालवा ऐकू येतो. अर्ध्यावर उतरलं की गाड्या वेगळ्या, माणसं वेगळी कळायला लागतात. खाली पेठेत आलं की कांदेवाला कोण आणि भाव करणारी कोण, तेही कळतं. यान वर होतं तेव्हा त्याला पृथ्वीच्या पोटातल्या वितळलेल्या लोखंडाचा मोठा आवाज तेवढा ऐकू येत होता. खडकांचा आवाज फार बारीक. तो ऐकायचा तर खाली यावंच लागतं.

“खडकाला कसला आवाज?”

मग प्रियंका त्यांना माळाच्या कडेला घेऊन गेली. तिथे काळा कातळ उघडा पडला होता. पावसाळ्यात वीज तिथे हमखास पडते, असं वाडीत सांगत. तिने खिशातून होकायंत्र काढलं आणि शालूबाईंच्या तळहातावर ठेवलं. मोकळ्या गवतात सुई उत्तरेला धरून होती. कातळाशी आल्यावर ती हलली. शालूबाई पुढे वाकल्या तशी सुई एकीकडे कलली, आणखी पुढे नेली तशी पार फिरली.

प्रियंकाने सांगितलं की हा कातळ एकेकाळी पातळ होता, काकवीसारखा, तापून लाल झालेला. जमिनीतल्या भेगांतून तो वर आला आणि कोस न् कोस पसरला; सातारा, सांगली, सह्याद्री, सगळं त्याचंच. थंड होताना त्याच्या आतल्या लोखंडाच्या कणांनी त्या वेळची उत्तर-दक्षिण धरून ठेवली आणि कातळ घट्ट झाला. पण तेव्हा ही जमीन इथे नव्हतीच. ती विषुववृत्ताच्या पलीकडे, खाली दक्षिणेच्या समुद्रात होती आणि तिथून सरकत सरकत इथवर आली. शिवाय त्या काळात पृथ्वीची उत्तर-दक्षिणच उलटी होती. आज सुई जिकडे उत्तर दाखवते, तिकडे तेव्हा दक्षिण दाखवली असती. माणूस नव्हता, गाय नव्हती, ऊस नव्हता. पण कातळाने ते धरून ठेवलंय. सगळी पृथ्वी बदलली तरी त्याने आपली दिशा सोडलेली नाही. वरच्या खडकाला विजेने थोडं बिघडवलंय, पण खाली आत, खोलवर, ते तसंच आहे.

 शालूबाईंनी होकायंत्र परत दिलं, आणि उन्हाने तापलेल्या कातळावर पालथा हात ठेवून त्या बराच वेळ बसून राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या कातळावर त्यांनी शेणी वाळत घातल्या होत्या, मिरच्या वाळत घातल्या होत्या.

हिंदुरावांना मात्र ह्यातलं काही पटत नव्हतं. म्हणजे यंत्राला त्यांचा विरोध नव्हता. वहिनींचा माळ, वहिनींची मर्जी. पण जळून जाणारं यान आणि उलटी दक्षिण-उत्तर ह्यात त्यांना रस नव्हता. ऊसतोड सुरू झाली होती. दोन ट्रॅक्टर आणि चार ट्रॉल्या घेऊन ते पहाटेपासून राबत होते. प्रियंका भेटली की ते अदबीने बोलत, ‘मॅडम’ म्हणत आणि निघून जात.

जानेवारी सरता सरता नियंत्रण केंद्राकडून वेळापत्रक आलं. यान जेव्हा सगळ्यात खालच्या कक्षेत पोचेल, तेव्हा त्याची एक फेरी नेमकी साताऱ्यावरून सांगलीकडे जाणार होती. एवढ्या खालून ह्या भागावरची ती एकच फेरी. त्या वेळी खाली जमिनीवर केलेली मोजणी हवी होती, कारण आकाशातून येणारा गडबडगोंधळ त्या मोजणीनेच वजा करता येणार होता. तारीख फेब्रुवारीच्या शेवटाला होती. तोवर खडकवाडीतला ऊस संपणार होता. प्रियंका निश्चिंत होती.

आणि मग सूर्यावर स्फोट झाला.

दोन दिवसांनी त्याचा झोत पृथ्वीवर येऊन आदळला. प्रियंका दुपारी तंबूत होती. रेघ आधी एकदम उभी वर गेली, मग खाली कोसळली, आणि मग वेड्यासारखी वरखाली होऊ लागली. बाहेर काहीच झालेलं नव्हतं. ऊन होतं, वारा होता, खाली उसाच्या फडात कोयत्यांचे आवाज येत होते. पडद्यावर मात्र सगळी पृथ्वी थरथरत होती. संध्याकाळपर्यंत नियंत्रण केंद्राचा निरोप आला. ह्या चुंबकीय वादळाने वरची हवा तापून फुगली आहे, यानाला अचानक जास्त घर्षण लागतंय, ते ठरल्यापेक्षा वेगाने खाली येतंय. महिनाअखेरीपर्यंत ते टिकणार नाही. साताऱ्यावरची फेरी आता परवा पहाटे होईल. त्यानंतर बहुधा कुठलीच होणार नाही.

परवा पहाटे हिंदुरावांच्या उसाची पाळी होती. त्यांच्या फडातला भरलेला माल माळाखालच्या रस्त्यानेच कारखान्याला निघणार होता, आणि मागोमाग वाडीतल्या आणखी तिघांचे ट्रॅक्टर. त्या वेळेलाच शेतीची वीज येई आणि सगळ्या मोटारी चालू होत. एवढं लोखंड आणि एवढी वीज माळाच्या पायथ्याशी हलली, तर रेघेत तेच दिसलं असतं.

प्रियंका त्यांच्या घरी गेली. हिंदुरावांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी शांतपणे नाही म्हणून सांगितलं. पहाटे निघालं तर कारखान्याच्या फाटकात नंबर लागतो. उशीर झाला तर दिवसभर रांगेत उभं राहावं लागतं आणि ऊस उन्हात वाळतो. आपल्या एकट्याचं असतं तर बघितलं असतं, पण दुसऱ्यांना कुठल्या तोंडाने थांबा म्हणायचं, असं त्यांनी विचारलं. त्यांचं चूक नव्हतं आणि ते प्रियंकालाही कळत होतं. ती आभार मानून उठली. शालूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. 

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रियंका तंबूत आकडे तपासत होती, तेव्हा हिंदुराव माळ चढून वर येताना दिसले. तंबूपासून बऱ्याच अलीकडे थांबून त्यांनी खिशातल्या किल्ल्या, घड्याळ, मोबाइल, सगळं एका दगडावर काढून ठेवलं. वहिनींनी त्यांना तेवढं शिकवलं असावं. आत येऊन ते उभेच राहिले.

त्यांचा मुलगा जयराज फौजेत होता, लडाखला. पहाटे त्याचा फोन आला होता. रात्री तो पहाऱ्यावर असताना उत्तरेच्या डोंगरांमागे आभाळ लाल झालं. आधी सगळ्यांना वाटलं, कुठे आग लागली. पण आगीचा उजेड हलतो, हा हलत नव्हता. नुसता डोंगरावर उभा होता, पडद्यासारखा, आणि त्यातून चांदण्या दिसत होत्या. जुन्या जवानांनीही असं कधी पाहिलं नव्हतं. तोफखान्यात एवढी वर्षं काढलेल्या हिंदुरावांनीही नव्हतं.

“ते आन् हे,” हिंदुरावांनी पडद्याकडे बोट केलं, “एकच हाय का मॅडम?”

प्रियंकाने कालची संध्याकाळ आणि रात्र पडद्यावर आणली. जयराजने आभाळ लाल झालेलं पाहिलं ती वेळ तिने त्यांना विचारली, आणि रेघेवर त्या जागी बोट ठेवलं. तिथे रेघ सगळ्यात खोल गेली होती. तिने सांगितलं की हो, एकच. सूर्याचा झोत आला की पृथ्वीचं चुंबकत्व त्याला अंगावर घेतं. ते नसतं तर आपली हवाच हळूहळू खरवडून निघाली असती. त्या धडकेत जे हललं ते लडाखला लाल दिसलं आणि इथे, तुमच्या माळावर, रेघ होऊन उतरलं. जयराज त्याच्या खाली उभा होता, तुम्हीही त्याच्या खालीच झोपला होता.

हिंदुराव पडद्यासमोर खाली मांडी घालून बसले. रेघ अजून थोडी थोडी हलत होती. ते तिच्याकडे एकटक बघत राहिले.

“सारी रात हे असं चाललं हुतं,” ते म्हणाले, “आन् गोठ्यातलं एक जनावर उठलं न्हाई.”

जाताना त्यांनी विचारलं की ट्रॅक्टर आणि मोटारी किती वेळ थांबवायच्या. प्रियंका म्हणाली, तांबडं फुटायच्या जरा आधीपासून ते सूर्य वर येईपर्यंत. ते बरं म्हणाले आणि दगडावरच्या वस्तू गोळा करून खाली उतरले. त्या दिवशी ते घरोघर गेले. कोणाला काय सांगितलं ते प्रियंकाला कळलं नाही, पण संध्याकाळी गावातली पोरंपोरी येऊन विचारू लागली की सायकल चालेल का, चांदीचे पैंजण चालतील का, आणि ते यान नुसत्या डोळ्यांनी दिसेल का. चांदी चालेल, सायकल नको, असं तिने सांगितलं. दिसेल की नाही ते मात्र तिला नक्की सांगता येईना. खाली अंधार असताना वर ऊन पोचलेलं असलं, तर दिसायला हवं.

तिने माधवनगरला वडिलांना फोन केला आणि पहाटे गच्चीवर जाऊन उत्तरेकडे बघायला सांगितलं. काय दिसेल ते विचारून झाल्यावर आकारामांनी विचारलं की ते तिथून इथे यायला किती वेळ घेईल. तिने मनाशी हिशेब केला. साताऱ्याहून सांगलीला यायला एसटीला अडीच-तीन तास लागतात. यानाला लागणार होता एखाद्याने पाण्याचा तांब्या भरून तोंडाला लावावा एवढाच वेळ.

पहाटे माळावर कडाक्याची थंडी होती. प्रियंकाने सगळं पुन्हा एकदा तपासलं आणि ती तंबूच्या बाहेर आली. शालूबाई घोंगडी पांघरून कधीच येऊन बसल्या होत्या. खाली वाडीत दिवे लागलेले होते, पण नेहमीचा आवाज नव्हता. रोज ह्या वेळेला मोटारींची घरघर असे, ट्रॅक्टरचं धडधडणं असे, टेपवर लावलेली गाणी असत. आज काहीच नव्हतं. रस्त्यावर भरलेल्या ट्रॉल्या लांब, ओढ्याच्या पलीकडे उभ्या होत्या. माळाच्या पायथ्याशी माणसं जमली होती. तोडणीच्या टोळीतल्या बायकाही आल्या होत्या, कोयते फडातच ठेवून. कोणी वर येत नव्हतं. हिंदुराव सगळ्यांच्या पुढे, हात मागे बांधून उभे होते.

तंबूतली रेघ सरळ होत आली होती. वादळाचा शेवटचा हलका कंप तेवढा तिच्यात उरला होता. खडकवाडीचं काहीही नव्हतं. एवढी माणसं, एवढी घरं, आणि रेघेला त्यांचा पत्ता नव्हता. प्रियंकाने त्याआधी जगातल्या चांगल्या वेधशाळांच्या नोंदी पाहिल्या होत्या. इतकी स्वच्छ रेघ तिने क्वचित पाहिली होती.

पूर्वेला आभाळ फिकट होऊ लागलं. कोरेगावच्या बाजूच्या डोंगरांवर अजून चांदण्या होत्या.

“त्ये बघ,” शालूबाई हळूच म्हणाल्या.

डोंगराच्या कडेवर एक ठिपका उगवला होता. चांदणीसारखाच, पण चांदणी लुकलुकते, हा लुकलुकत नव्हता. तो वर येऊ लागला. आधी सावकाश, मग भराभर, आणि वर येता येता त्याचा उजेड वाढत गेला. विमानाला दिवे असतात, आवाज असतो. ह्याला काही नव्हतं. न उगवलेल्या सूर्याचं ऊन अंगावर घेऊन तो एकटा सरळ चालला होता, कुणीतरी दोरी मारून आखून दिलेल्या वाटेने. माथ्यावर आला तेव्हा शुक्रापेक्षाही तेजस्वी दिसला. पायथ्याशी कोणीतरी नकळत हात जोडले, मग आणखी कोणी. 

प्रियंकाने त्या यानाबरोबर शिक्षणातली आणि नोकरीतली सगळी वर्षं घालवली होती. त्याच्या आकड्यांवर तिची पदवी उभी होती. पण तिने ते कधी पाहिलं नव्हतं. तिच्यासाठी ते पडद्यावरचे रकाने होते. आता ते तिच्या डोक्यावर होतं, आणि ज्या कातळावर ती उभी होती त्याचं ऐकत होतं. उतरता उतरता, संपायच्या आधी, ते एवढ्या जवळ आलं होतं. तिच्या पायांखाली दक्षिणेच्या समुद्रातून आलेली जमीन होती आणि वर ते. मधे ती आणि घोंगडी पांघरलेली एक बाई. तिला आपण फार लहान आहोत असं वाटलं, आणि त्याचं वाईट मात्र वाटलं नाही. उलट एवढ्या मोठ्या गोष्टीत आपल्याला उभं राहायला जागा मिळाली, ह्याचंच नवल वाटलं. तिचे डोळे भरून आले आणि ठिपका धूसर झाला.

दक्षिणेला, कृष्णेच्या खोऱ्यावर उतरलेल्या धुक्यात तो विझला.

 मग शालूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो कातळासारखा खरखरीत होता आणि ऊबदार.

सूर्य वर आल्यावर हिंदुरावांनी खालून हात केला आणि ट्रॅक्टर सुरू झाले. तंबूत रेघेने लगेच उड्या मारायला सुरुवात केली. प्रियंका मोबाइल ठेवलेल्या दगडापर्यंत गेली, तेव्हा तिथे फोन वाजतच होता. आकाराम होते. गच्चीवर ते एकटे नव्हते; शेजारपाजारची बरीच माणसं त्यांनी उठवली होती. सगळ्यांना दिसलं होतं, म्हणाले. 

“बाळ,” ते म्हणाले, “तू लहान हुतीस तवा मला कळत न्हवतं तू काय शिकतीयास. आज बी नीट कळलं न्हाई. पण लय मोठं काय तरी हाय, येवढं दिसलं.”

 प्रियंका नुसती हं म्हणाली आणि तिने फोन तसाच कानाशी धरून ठेवला.

दोन-तीन दिवसांनी यान जळून गेलं. एका महासागरावर, जिथे कोणी पाहणारं नव्हतं. शेवटच्या क्षणापर्यंत ते आकडे पाठवत होतं. हवेत शिरल्यावर त्याचा तोल जाऊ लागला तरी मोजणी चालू होती, आणि मग एका ओळीनंतर पुढची ओळ आली नाही. प्रियंकाने ती बातमी शालूबाईंना सांगितली तेव्हा त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि थोडा वेळ तशाच बसून राहिल्या, ओळखीचं माणूस गेल्यावर बसतात तशा.

खडकांच्या चुंबकत्वाचा नकाशा तयार व्हायला उन्हाळा उजाडला. प्रियंकाने त्याची मोठी छापील प्रत आणली आणि देवळासमोरच्या पारावर पसरली. यानाने खालच्या कक्षेतून मोजलेलं आणि माळावर मोजलेलं, दोन्ही त्यात जुळलं होतं. निळ्या-तांबड्या डागांनी तो भरला होता. वाडीतल्या लोकांनी आधी खडकवाडी कुठे ते विचारलं. प्रियंकाने खरं ते सांगितलं. खडकवाडी ह्यात दिसत नाही, रहिमतपूरही दिसत नाही. यान कितीही खाली आलं तरी एवढं बारीक त्याला दिसत नव्हतं. पण हा जो अंगठ्याएवढा गडद निळा डाग आहे, तो सगळा आपला. ह्याच्यात सातारा आला, सांगली आली, मधली सगळी गावं आली. निळा म्हणजे उलट्या दिशेचा. आजची उत्तर न मानणारा.

हिंदुराव वाकून बघत होते. त्यांनी जयराजसाठी मोबाइलमध्ये फोटो काढला. तिथला बर्फ वितळेपर्यंत त्याला रजा नव्हती.

शालूबाईंनी त्या डागावर अंगठा टेकवला. तो नेमका बसला.

“म्हंजी तुझं माधवनगर आन् माझा माळ एकातच,” त्या म्हणाल्या.

प्रियंका हो म्हणाली. दोन्हीकडे खाली एकच कातळ आहे, एकाच वेळी थंड झालेला.

मग शालूबाईंनी विचारलं की आता वर दुसरं कुणी आहे का. सध्या तरी एवढ्या खाली कोणी नाही, प्रियंकाने सांगितलं. नवीन यान तयार व्हायला, वर जायला अजून बरीच वर्षं लागतील. तिचं इथलं काम संपलं होतं. खोपटं मोडून, मापक काढून ती पुढच्या आठवड्यात परत जायची होती.

“मोडू नगंस,” शालूबाई म्हणाल्या. “वर कोन न्हाई, तर खाली तरी कुनी असावं. मी हाय की बघायला.”

प्रियंकाने संस्थेला तसं कळवलं. थोडी पत्रापत्री झाली, वरिष्ठ येऊन जागा बघून गेले, रेघ बघून गेले, आणि माळावरचं ते केंद्र कायमचं झालं. पाचटाचं छप्पर दर वर्षी नवं घालायचं ठरलं. शालूबाई संध्याकाळी वर जातात, तंबूच्या जागी बांधलेल्या छोट्या खोलीत बसतात आणि रेघ बघतात. बहुतेक दिवस ती सरळ असते. एखाद्या दिवशी ती हलू लागली की त्या खाली येऊन हिंदुरावांना सांगतात, आणि हिंदुराव लडाखला फोन लावून जयराजला म्हणतात की आज रात्री आभाळाकडे लक्ष ठेव.